मुलांचा कैवारी लॉर्ड शाफ्ट्सबरी

बाळाचे पाय पाळण्यांत दिसतात अशी आपल्या लोकांत म्हण आहे. एखादा मनुष्य नांवारूपास आला म्हणजे आपण ही म्हण मोठ्या आवडीनें योजितों. परंतु त्या पाळण्याची दोरी कोणाच्या हातीं होती, ती हालविणारें कोणी होतें कीं नव्हतें, याचा विचार आपण क्वचितच करितों. लेकराच्या अंगीं कितीहि गुण असोत. त्यास वेळेवर अन्न, ऊब व मायेचा शब्द मिळाला नाहीं, तर ते गुण कोमेजून जाण्याचें भय असतें. उलटपक्षीं, सर्वांनीं टाकलेल्या लेकरास एकाच माणसाची खरी माया लाभली, तर तेवढ्या ओलाव्यावरहि मोठा वृक्ष उभा राहूं शकतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या आयुष्यांत पाहावयाच्या असतील, तर इंग्लंड देशांतील लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचें चरित्र पाहावें. म्हणून तें आज वाचकांस सादर करीत आहें.

श्रीमंताच्या घरचें उपाशी लेकरूं

ह्या गृहस्थांचें मूळ नांव अँथनी ॲश्ली कूपर. त्यांचा जन्म लंडन शहरांत ता. २८ एप्रिल १८०१ रोजीं झाला. त्यांचें घराणें इंग्लंडच्या जुन्या उमराव घराण्यांपैकीं होतें. आई तर मार्लबरोच्या ड्यूकची कन्या. अँथनी हा घरांतील थोरला मुलगा, म्हणजे पुढें पदवीचा व जहागिरीचा वारस. अशा घरीं जन्मलेल्या मुलास कशाची उणीव असेल, असें आपणांस सहजच वाटेल. परंतु त्या मोठ्या वाड्यांत जी एक वस्तु लेकरांच्या वांट्यास येत नव्हती, ती म्हणजे आईबापांचें लक्ष.

वडील पार्लमेंटच्या कामांत गढलेले असत. स्वभावानें ते कडक व कोरडे होते, आणि मुलांस धाकांत ठेवणें एवढेंच बापाचें कर्तव्य अशी त्यांची समजूत दिसते. आई मेजवान्या व भेटीगांठी यांत रमलेली. मुलें नोकरांच्या हवालीं केलेलीं, आणि नोकर आपल्या धन्याप्रमाणेंच बेफिकीर. ह्यामुळें अँथनी व त्याच्या बहिणी कित्येकदां उपाशी राहत, आणि थंडीच्या दिवसांत रात्रभर कुडकुडत पडत. घरांत अन्न होतें, सरपण होतें, चाकरमाणसें होतीं. परंतु लेकरें जेवलीं काय, त्यांच्या अंगावर पांघरूण आहे काय, हें विचारणारें कोणी नव्हतें. दारिद्र्यामुळें मूल उपाशी निजलें तर आईच्या डोळ्यांस पाणी येतें. येथें तर पाहणारे डोळेच नव्हते. ह्या दिवसांची आठवण अँथनीस मरेपर्यंत राहिली, आणि म्हातारपणींहि ती काढतांना त्याच्या मनास वेदना होत.

मराया मिलिस

त्या घरांत मराया मिलिस नांवाची एक स्त्री कारभारीण म्हणून राहत असे. अँथनीच्या आईच्या माहेरीं ती पूर्वीं चाकरीस होती. तिला मोठें शिक्षण नव्हतें, पदवी नव्हती, पैसा तर नव्हताच. परंतु तिच्या ठायीं देवाचें भय व लेकरांविषयीं कळवळा हीं दोन्हीं होतीं. ज्या मुलाकडे कोणी पाहत नाहीं तो तिच्या दृष्टीस पडला. ती त्यास मांडीवर घेई, शास्त्रांतील गोष्टी सांगे, आणि त्याचे लहान हात जोडवून त्यास प्रार्थना करावयास शिकवी. तिनें शिकविलेली ती लहानशी प्रार्थना ह्या मुलानें पुढें कधींहि टाकली नाहीं. तो उमराव झाला, पार्लमेंटचा सभासद झाला, ऐंशी वर्षांचा वृद्ध झाला, तरी तीच प्रार्थना त्याच्या मुखीं असे.

सातवें वर्ष लागल्यावर अँथनीस चिझिक येथील एका निवासी शाळेंत घातलें. ती शाळा त्यास घराहूनहि वाईट वाटली. तेथें घाण होती, मार होता, पोटभर अन्न नव्हतें, आणि मोठीं मुलें लहानांचा छळ करीत. शाळेंत असतांना घरची भीति, आणि सुटी संपली कीं शाळेची भीति, असें त्या बालकाचें चाललें होतें. दोन्हीं ठिकाणांमध्यें विसांव्याची जागा एकच. ती म्हणजे मरायाची मांडी. आणि अशांतच ती मरण पावली. मुलगा त्या वेळीं त्याच शाळेंत होता.

मरतांना ह्या गरीब स्त्रीनें आपलें सोन्याचें घड्याळ त्याच्या नांवें ठेविलें. पुढें त्यांस हवीं तशीं मौल्यवान घड्याळें घेतां आलीं असतीं. परंतु त्यांनीं जन्मभर तेंच वापरलें. कोणी विचारलें तर तें काढून दाखवीत, आणि आपल्यास ह्या जगांत लाभलेल्या सर्वांत चांगल्या मैत्रिणीची ही देणगी आहे असें अभिमानानें सांगत. राजघराण्यापर्यंत ज्यांची ओळख त्यांनीं सर्वांत वरची जागा एका चाकर बाईस दिली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

टेकडीवरील प्रेतयात्रा

बाराव्या वर्षीं अँथनीस हॅरो येथील प्रसिद्ध विद्यालयांत पाठविलें. तेथें त्याचे दिवस पुष्कळ बरे गेले. तेथेंच त्याच्या आयुष्यास वळण लावणारी गोष्ट घडली. तो सुमारें चवदापंधरा वर्षांचा असेल. एके दिवशीं हॅरोच्या टेकडीवरून जात असतां ओरडण्याचा व गाण्याचा आवाज त्याच्या कानीं आला. पाहतो तों कांहीं दारू प्यालेले लोक एक ओबडधोबड शवपेटी खांद्यावर घेऊन झोकांड्या खात येत आहेत. कोणा कंगालाचें तें प्रेत होतें. बरोबर रडणारें कोणी नाहीं, मान देणारें कोणी नाहीं. वळणावर त्यांच्या हातून पेटी निसटून खालीं पडली, आणि ते शिव्यागाळी करूं लागले.

मुलगा हें पाहून हादरून गेला. मनुष्य गरीब व एकटा आहे एवढ्याच कारणानें मेल्यावरहि त्याची ही दशा व्हावी काय, असा प्रश्न त्याच्या मनास लागला. त्याच ठिकाणीं त्यानें निश्चय केला कीं, देवाच्या कृपेनें आपण आपलें आयुष्य गरिबांची बाजू घेण्यांत घालवूं. त्या जागेजवळ ह्या प्रसंगाचा स्मरणलेख पुढें लाविण्यांत आला. त्या दिवशीं शाळेंतील दुसरींहि मुलें त्या वाटेनें गेलीं असतील. परंतु स्वतः टाकलें जाणें म्हणजे काय हें ज्यास ठाऊक होतें, त्याच्याच हृदयांत तो कांटा रुतला.

ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांत त्यांनीं १८२२ सालीं पहिल्या वर्गाचा मान मिळविला, आणि १८२६ सालीं ते पार्लमेंटच्या कॉमन्स सभेंत निवडून आले. त्या वेळीं त्यांस लॉर्ड ॲश्ली म्हणत. त्यांचें पहिलें मोठें काम वेड्या लोकांसंबंधीं होतें. त्या काळीं वेड लागलेल्या गरिबांस सांखळ्यांनीं बांधून गवतावर पडूं देत. शनिवारपासून सोमवारपर्यंत त्यांच्याकडे कोणी फिरकतहि नसे. लॉर्ड ॲश्ली यांनीं हें स्वतः जाऊन पाहिलें व १८२८ सालीं सभेंत मांडलें. त्या वर्षीं वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख करणाऱ्या मंडळांत त्यांची नेमणूक झाली. आणि तें काम त्यांनीं मरेपर्यंत, म्हणजे सत्तावन वर्षें, केलें. ज्याची विचारपूस करणारें कोणी नाहीं त्याची विचारपूस करावयाची, हाच त्यांच्या सर्व कामांचा धागा होता.

गिरण्यांतील लेकरें

इंग्लंडांत त्या वेळीं कापसाच्या व लोंकरीच्या गिरण्या झपाट्यानें वाढत होत्या. तुटलेलें सूत सांधण्यास व यंत्राखालचा कापूस झाडण्यास लहान हातांची गरज असे; म्हणून सहासात वर्षांचीं मुलें कामास लावीत. दिवसाचे बारा, तेरा, कधीं चवदा तास तीं उभीं असत. झोंप आली तर पट्ट्याचा मार बसे. पुष्कळांचे गुडघे वांकडे होत, पाठ वांकत असे. कित्येकांचे हात यंत्रांत सांपडून जात. कित्येकांस त्यांचे आईबापच पहांटे उठवून, खांद्यावर टाकून गिरणींत नेऊन सोडीत. कारण मुलाच्या दोन पैशांवांचून घर चालत नव्हतें. अनाथाश्रमांतून पाठविलेल्या पोरक्यांस तर विचारणारेंच कोणी नसे.

मुलांच्या बाजूनें पार्लमेंटांत भांडणारे सॅडलर नांवाचे सभासद १८३२ च्या निवडणुकींत पडले. तेव्हां गिरणीकामगारांचे कैवारी बुल नांवाचे एक पाळक लॉर्ड ॲश्ली यांच्याकडे आले व हें काम हातीं घ्या अशी त्यांनीं विनंति केली. लॉर्ड ॲश्ली यांच्या लग्नास तेव्हां तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. १८३० सालीं एमिली कूपर ह्या सुशील स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला होता. त्यांनीं घरीं जाऊन पत्नीस सर्व सांगितलें: हें काम पत्करलें तर पुष्कळ शत्रु होतील, मोठ्या हुद्द्यांची आशा सोडावी लागेल, घरांतील स्वास्थ्य जाईल. पत्नीनें त्यांस मागें ओढलें नाहीं. कर्तव्य दिसत असेल तर पुढें जावें आणि फळ देवावर सोपवावें, असाच सल्ला दिला. तेव्हां त्यांनीं होकार कळविला.

१८३३ सालीं कायदा झाला. त्यानें बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस कामास ठेवण्यास बंदी झाली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस दिवसास नऊ तासांची, आणि तेरा ते अठरापर्यंतच्यांस बारा तासांची मर्यादा घातली गेली. लहान मुलांनीं रोज दोन तास शिकावें असें ठरलें, आणि हें सर्व पाहण्यास चार तपासनीस नेमले. लॉर्ड ॲश्ली यांस हें पुरेसें वाटलें नाहीं. दिवसास दहा तासांहून अधिक काम नको, ही त्यांची मागणी होती; आणि तीसाठीं आणखी चवदा वर्षें झगडावें लागलें. १८४१ सालीं मुख्य प्रधानांनीं त्यांस राणीच्या दरबारांत मानाची जागा देऊं केली. परंतु ती घेतली तर मुलांसाठीं मोकळेपणानें बोलतां येणार नाहीं म्हणून त्यांनीं ती नाकारली. त्या वेळीं त्यांचा संसार वाढता होता, वडील हात आंखडून पैसा देत, आणि डोक्यावर कर्ज होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या नकाराची किंमत कळते.

शेवटीं १८४७ सालीं दहा तासांचा कायदा मंजूर झाला. त्या वेळीं लॉर्ड ॲश्ली स्वतः सभेंत नव्हते. धान्यावरील जकातीच्या प्रश्नावर आपलें मत बदललें म्हणून त्यांनीं प्रामाणिकपणानें १८४६ सालीं जागा सोडली होती. कायद्याची शेवटची ओढ फील्डन नांवाच्या गिरणीमालकानें ओढली. पुढें मालकांनीं कायद्यांतून पळवाटा काढल्या, तेव्हां १८५० सालीं साडेदहा तासांची तडजोड लॉर्ड ॲश्ली यांनीं पत्करली. त्याबद्दल ज्यांच्यासाठीं ते झिजले त्याच कामगारांपैकीं पुष्कळांनीं त्यांस विश्वासघातकी म्हटलें. लोकांची सेवा करणारास असेंहि सोसावें लागतें.

अंधारांतील दारावर बसलेलीं बाळें

दरम्यान त्यांच्याच मागणीवरून १८४० सालीं एक चौकशीमंडळ नेमलें गेलें. १८४२ सालीं कोळशाच्या खाणींसंबंधीं त्याचा अहवाल चित्रांसह प्रसिद्ध झाला, तेव्हां सर्व देश थक्क झाला. खाणींत वारा खेळता राहावा म्हणून बोगद्यांत लांकडी दारें बसविलेलीं असत. कोळशाची गाडी आली कीं दार उघडावयाचें व लगेच लावावयाचें, ह्या कामास पांचसहा वर्षांचीं मुलें बसवीत. तीं काळोखांत, दिव्यावांचून, एकटीं, बारा बारा तास बसत. त्यांहून मोठ्या मुली व स्त्रिया कमरेस पट्टा बांधून, दोन पायांमधून सांखळी घेऊन, जनावरासारख्या चार पायांवर रांगत कोळशाच्या गाड्या ओढीत. कांहीं बोगदे दोन फुटांहूनहि ठेंगणे होते.

७ जून १८४२ रोजीं लॉर्ड ॲश्ली दोन तास बोलले. सभेंतील कठोर मनाच्या माणसांचेहि डोळे पाणावले, आणि त्याच वर्षीं कायदा होऊन खाणींच्या पोटांत स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांस काम करण्यास बंदी झाली. काळोखांत एकट्या बसलेल्या बाळाची भीति त्यांस इतकी अचूक कशी सांगतां आली? मला वाटतें, स्वतःच्या बालपणींच्या थंड रात्री ते विसरले नव्हते.

१८५१ सालीं वडील वारले व ते शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल झाले. त्यांच्या गांवीं, सेंट जाइल्स येथें, कुळांच्या झोंपड्यांची दैना पाहून त्यांस लाज वाटली. जहागीर कर्जांत बुडालेली होती; तरी आणखी कर्ज काढून त्यांनीं तीं घरें सुधारलीं. शेजाऱ्याच्या अंगणांतील कचरा दाखविणारानें आपलें अंगण आधीं झाडावें, हें त्यांस ठाऊक होतें.

धुरांडीं साफ करण्यासाठीं चारपांच वर्षांच्या मुलांस अरुंद नळ्यांत चढविण्याची दुष्ट चाल तेथें होती. ती बंद करण्याचे कायदे १८४० व १८६४ सालीं झाले. पण ते पाळवून घेणारें कोणी नव्हतें. १८७५ सालीं केंब्रिज येथें एक लहान मुलगा धुरांड्यांत गुदमरून मेला, तेव्हां शाफ्ट्सबरी यांनीं पुन्हां कंबर बांधली आणि असा कायदा करविला कीं, पोलिसांच्या परवान्यावांचून कोणास हा धंदाच करतां येऊं नये. तेव्हां कोठें ती चाल मोडली. कायदा लिहिणें हें अर्धें काम, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणें हें दुसरें अर्धें काम, हा धडा त्यांनीं ह्या पस्तीस वर्षांत शिकला.

फाटक्या वस्त्रांच्या शाळा

लंडनच्या रस्त्यांवर त्या काळीं हजारों मुलें बेवारस फिरत. कांहींचे आईबाप मेलेले, कांहींचे तुरुंगांत, कांहींचे दारूच्या नादीं लागलेले. पुलांच्या कमानींखालीं, ओट्यांवर, रिकाम्या पिंपांत तीं निजत. एका मुलानें तर बागेंतील लोखंडी रुळाच्या पोकळींत हिंवाळा काढला होता. १८४३ सालीं शाफ्ट्सबरी यांनीं वर्तमानपत्रांत एक लहानशी जाहिरात वाचली: अशा मुलांसाठीं चालविलेल्या एका शाळेस मदत हवी होती. ते तेथें गेले, आणि कायमचे त्या कामाचे झाले. १८४४ सालीं अशा शाळांचा संघ स्थापन झाला, व सुमारें चाळीस वर्षें ते त्याचे अध्यक्ष राहिले. अंगावर चिंध्या असल्या तरी येथें प्रवेश मिळे, म्हणून ह्या शाळांस ‘रॅगेड स्कूल’ म्हणजे फाटक्या वस्त्रांच्या शाळा म्हणत. शिकविणारे बहुतेक साधे लोक होते: कारागीर, दुकानदार, चाकरमाने. दिवसभर आपलें काम करून ते संध्याकाळीं शिकवावयास येत. मुलांस अक्षरें, शास्त्र व एखादा धंदा शिकवीत, आणि पुष्कळ ठिकाणीं भाकरीहि देत.

शाफ्ट्सबरी नुसते सभांचे अध्यक्ष नव्हते. ते रात्रीं त्या गल्ल्यांत स्वतः जात, मुलांजवळ बसत, त्यांचीं नांवें विचारीत. गाडीवर भाजी विकणारे लोक तर त्यांस आपल्यांतलेच मानूं लागले, आणि त्यांनीं एकदां त्यांस एक गाढव भेट दिलें. अर्लसाहेबांनीं ती भेट मोठ्या आनंदानें स्वीकारली.

आपल्या देशाशीं संबंध

मुंबईंत कापडाच्या गिरण्या १८५४ नंतर उभ्या राहूं लागल्या, आणि इंग्लंडांत जें घडलें तेंच येथें घडूं लागलें. कोवळीं मुलें सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कामावर असत. शाफ्ट्सबरी यांनीं वृद्धपणीं लॉर्डांच्या सभेंत हा प्रश्न उपस्थित केला. १८७९ सालीं तर हिंदुस्थानांतील कामगारांसाठीं कायदा व्हावा म्हणून त्यांनीं मोठें भाषण केलें. ह्या मागणीस लँकेशायरचे गिरणीमालकहि दुजोरा देत होते, तें मात्र मुलांच्या मायेनें नव्हे, तर मुंबईच्या गिरण्यांची चढाओढ नको म्हणून. आणि त्यामुळें येथील पुष्कळ लोकांस ह्या कायद्याचा संशय आला. तो संशय अगदींच निराधार नव्हता. परंतु शाफ्ट्सबरी यांचें स्वतःचें मन सर्वांस ठाऊक होतें. जें त्यांनीं आपल्या देशाच्या मालकांस सांगितलें तेंच ते येथें सांगत होते.

१८८१ सालीं हिंदुस्थानचा पहिला गिरण्यांचा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस कामास बंदी, आणि बारा वर्षांपर्यंतच्यांस दिवसास नऊ तासांची मर्यादा, एवढेंच त्यांत होतें. तें फार थोडें होतें; तरी पहिलें पाऊल होतें. त्यापुढील झगडा मुंबईंत रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांनीं चालविला. १८८४ सालीं त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या, आणि त्यांच्याच प्रयत्नानें १८९० सालीं गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली.

त्यांचें स्वतःचें घर

जो जगाच्या मुलांची काळजी वाहतो त्याच्या स्वतःच्या मुलांचें काय झालें, असें वाचक विचारतील. हा प्रश्न योग्य आहे, व त्याचें उत्तर लपविण्याचें कारण नाहीं. शाफ्ट्सबरी यांस सहा मुलगे व चार मुली झाल्या. आपल्यास जें मिळालें नाहीं तें आपल्या लेकरांस द्यावें असा त्यांचा निश्चय होता. ते त्यांच्याशीं खेळत, त्यांस पत्रें लिहीत, सर्व घर घेऊन प्रार्थना करीत. दुसरा मुलगा फ्रान्सिस १८४९ सालीं सोळाव्या वर्षीं हॅरोच्या विद्यालयांत आजारी पडून वारला. मरणाच्या वेळीं, आपल्यास चांगलें वळण लाविल्याबद्दल त्यानें बापाचे आभार मानले. हें बोलणें त्या बापानें उरांत जपून ठेविलें असेल. आणखी एका मुलास फेंपऱ्याचा आजार होता, तोहि तरुणपणीं गेला. १८७२ सालीं पत्नी व एक मुलगी काहीं महिन्यांच्या अंतरानें निवर्तल्या.

थोरल्या मुलानें मात्र बापास पुष्कळ दुःख दिलें. तो शिक्षणांत रमला नाहीं. त्यास नाविक दलांत पाठविलें, पुढें त्यानें कर्जें केलीं. बाप गेल्यावर सुमारें सहा महिन्यांनीं, १८८६ सालीं, त्यानें स्वतःच्या हातानें आपल्या जीविताचा अंत केला. चांगला बाप असला म्हणजे प्रत्येक मूल चांगलेंच निपजेल असें वचन कोणास दिलेलें नाहीं. म्हणून शेजाऱ्याचें पोर वाईट निघालें तर त्याच्या आईबापांकडे बोट दाखविण्याची घाई आपण करूं नये.

दुसरी गोष्टहि प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. बालपणींची जखम शाफ्ट्सबरी यांच्या मनांतून कधीं पूर्णपणें भरून आली नाहीं. ते वारंवार उदास होत, लोक आपल्यास टाकतील अशी शंका त्यांस येई, टीकेचा शब्द त्यांच्या जिव्हारीं लागे. इतका मान मिळूनहि एकटेपणा त्यांच्या मागें होता. वडिलांशीं त्यांचें पुष्कळ वर्षें वांकडें राहिलें, आणि कांहीं काळ तर त्यांस बापाच्या घरीं पाय ठेवण्याचीहि मनाई होती. देवानें त्या दुःखाचा उपयोग हजारों मुलांच्या कल्याणासाठीं केला, हें खरें. परंतु म्हणून लेकरांस दुःख दिलें तरी चालेल असें कोणी समजूं नये. कडक वागविल्यानें मुलें मोठीं होतात असें म्हणणारांनीं ह्या म्हाताऱ्याच्या उदास रात्री आठवाव्या. त्यास मोठें केलें तें बापाच्या धाकानें नव्हे, मरायाच्या मायेनें.

ता. १ ऑक्टोबर १८८५ रोजीं फोकस्टन येथें ते देवाघरीं गेले. ता. ८ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या मोठ्या मंदिरांत अंत्यविधीची उपासना झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस गरिबांची दाटी होती: बूट पुसणारीं मुलें, फुलें विकणाऱ्या मुली, भाजीवाले, फाटक्या वस्त्रांच्या शाळांचे विद्यार्थी. एके काळीं एका कंगालाची शवपेटी रस्त्यावर पडलेली पाहून जो मुलगा हळहळला होता, त्याच्या शवपेटीस हजारों कंगालांनीं मान दिला. वेस्टमिन्स्टर येथें मोठमोठे लोक पुरतात. परंतु शाफ्ट्सबरी यांस त्यांच्या इच्छेप्रमाणें सेंट जाइल्सच्या गांवच्या मंदिरांत पुरलें.

आपल्यासाठीं

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या चरित्रांतून आईबापांनीं घ्यावयाचा बोध उघड आहे. लेकरास अन्नवस्त्र देणें हें पहिलें. परंतु संध्याकाळीं घरीं आल्यावर त्यास जवळ घेऊन, आज तूं जेवलास का, कोणीं मारलें का, काय शिकलास, एवढें विचारणें हें त्याहून कमी नाहीं. त्यास पैसा लागत नाहीं. बाजाराच्या दिवशीं दारूच्या दुकानांत जाणारी मजुरी ज्या घरांतून जाते, त्या घरचें लेकरूं चिझिकच्या शाळेंतल्या मुलासारखेंच आहे. पिकाच्या वेळीं किंवा ऊसतोडीच्या हंगामांत मुलास शाळेंतून काढून नेणारांनीं त्याचें काय बुडतें याचा हिशेब एकदां करावा.

परंतु मला अधिक बोलावयाचें आहे तें उपदेशकांस, शिक्षकांस, व ज्या बहिणींस स्वतःचें मूलबाळ नाहीं त्यांस. आपल्या मंडळींत असें एखादें मूल असतेंच, कीं ज्याचें डोकें विंचरलेलें नसतें, जें उपासनेच्या वेळीं दाराशीं उभें राहतें, आणि ज्यास सर्वजण उनाड म्हणून हांकलतात. नामान सरदारास देवाच्या संदेष्ट्याकडे पाठविणारी एक लहान दासी होती. तिचें नांवहि शास्त्रांत नाहीं. मराया मिलिस हीहि अशीच चाकर बाई. तिनें एक कायदा केला नाहीं, एक भाषण केलें नाहीं. एका मुलास मांडीवर घेतलें. गिरणींतून सुटलेलीं, खाणीच्या अंधारांतून वर आलेलीं, धुरांड्यांतून वांचलेलीं तीं सर्व लेकरें एका अर्थानें तिच्याच मांडीवरचीं होत. दाराशीं उभ्या असलेल्या त्या मुलास येत्या रविवारीं आंत बोलवा, जवळ बसवा, आणि त्याचें नांव विचारा.